माइकला ऐकू येणारा हेडफोन

गेम खेळताना केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दोनच आवाज हवे असतात: गेमचा आणि खेळणाऱ्याचा. गेमचा आवाज संगणक किंवा फोन आतल्या आत उचलतो, खेळणाऱ्याचा आवाज माइक उचलतो. हेडफोन घालायचा तो एवढ्यासाठीच, की गेमचा आवाज कानातच राहावा, माइकपर्यंत जाऊ नये. तरीही पुष्कळदा तो जातो. मग रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येक गोळी दोनदा सुटते, एकदा भरदार आणि लगेच मागोमाग पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. सोबत खेळणारे मित्र स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात म्हणून वैतागतात. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात याला ब्लीड म्हणतात. मराठीत गळती हा शब्द जास्त नेमका आहे, कारण छताच्या गळतीसारखेच इथेही पाणी टपकते एकीकडे आणि शिरलेले असते भलतीकडून.

हा दुसरा आवाज पातळ का असतो, हे माळव्यातल्या देवास–इंदूर बसमध्ये बसल्यावर कळते. शेजारच्या प्रवाशाच्या इअरफोनमधून गाणे ऐकू येत नाही, नुसती चिकचिक ऐकू येते. हेडफोनचा खर्ज कानाशी बंदिस्त झालेल्या हवेतच तयार होतो आणि बाहेर पडताच विरतो. बाहेर सांडतात ते बहुतेक तीव्र सूर. माइकला हीच चिकचिक मिळते. शिवाय माइक आणि साउंड कार्ड यांतून फिरून येताना तिला काही मिलिसेकंद उशीर होतो. एकाच आवाजाच्या अशा मागेपुढे झालेल्या दोन प्रती एकमेकींवर पडल्या की काही सूर परस्परांना मारतात, काही फुगतात, आणि मूळचा चांगला आवाजही पोकळ होऊन जातो.

माइकात नको तो आवाज येणे हा प्रत्येक ठिकाणी दोषच असतो असे नाही, आणि हे देवासकरांना वेगळे सांगायला नको. क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून १९४८ मध्ये गायक कुमार गंधर्व देवासला आले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत तिथलेच झाले. त्याआधी उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई देवासच्याच दरबाराच्या आश्रयाला होता. अशा गायनाच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकासमोरच्या माइकात मागचे तानपुरे येतातच, किंबहुना यावेत अशीच इच्छा असते. ते गाळून नुसता गळा ठेवला तर गाणे उघडे पडेल. एके काळी एकाच माइकवर सगळे टिपले जाई, तेव्हा कोणी किती जवळ बसायचे एवढ्यावरच सगळा तोल साधला जाई. गळती हा दोष झाला तो प्रत्येक आवाज वेगळा टिपून नंतर जोडण्याची पद्धत आल्यावर. स्टुडिओत गायकाच्या कानातल्या हेडफोनमधला ठेका गळ्याच्या माइकात उतरू लागला, आणि ध्वनिमुद्रकांची त्याच्याशी झटापट सुरू झाली. गेम रेकॉर्ड करणाऱ्या मुलांच्या वाट्याला आज तीच झटापट आली आहे, फक्त स्टुडिओऐवजी ती घरातल्या टेबलावर चालते.

या बाबतीत दिला जाणारा सल्ला बहुधा सॉफ्टवेअरपासून सुरू होतो: अमुक फिल्टर लावा, तमुक सेटिंग बदला. हा क्रम उलटा आहे. हेडफोनचा आवाज माइकच्या ट्रॅकवर पोहोचायला मुख्यतः तीन वाटा असतात. एक हवेतून, दुसरी तारेतून आणि तिसरी संगणकाच्या पोटातून. तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. हवेची गळती सेटिंग बदलून थांबत नाही, आणि तारेच्या गळतीवर महागडा माइक आणला तरी पैसे वाया जातात.

वाट कोणती हे ठरवायला पाच मिनिटे आणि एक रजई पुरते. गेम चालू ठेवून हेडफोन डोक्यावरून काढावा, रजईत नीट गुंडाळून माइकपासून जमेल तितका लांब ठेवावा आणि काही न बोलता थोडा वेळ रेकॉर्ड करावे. माइकच्या ट्रॅकवरचा गेमचा आवाज नाहीसा झाला, तर गळती हवेतून होती. तो तसाच राहिला, तर स्पीकर बंद असल्याची खात्री करून हेडफोनची पिन उपसावी. आता शांतता झाली, तर दोष तारेत आहे. हेडफोन नाही, माइकही काढून ठेवला आहे आणि तरीही माइकच्या म्हणवल्या जाणाऱ्या ट्रॅकवर गोळ्या सुटत आहेत, तर संगणक स्वतःच आपला आवाज तिकडे वळवतो आहे. कानालाही थोडा फरक कळतो. हवेतून आलेला आवाज पातळ असतो, तारेतून आलेल्या आवाजात खर्जही शाबूत असतो.

हवेची वाट सर्वांत जास्त वापरातली. तिचे पहिले कारण हेडफोनची घडण. काही हेडफोनच्या कपांना बाहेरून जाळी असते. त्यांतला आवाज मोकळा आणि सुखद लागतो, पण तो बाहेरही तितकाच सांडतो, त्यामुळे माइकशेजारी ते निरुपयोगी. बंद कपाचे हेडफोन बरे. कानाच्या आत घट्ट बसणारे रबरी टोकांचे इअरफोन सर्वांत कमी गळतात, आणि गंमत म्हणजे ते सर्वांत स्वस्तही मिळतात. मोठा हेडसेट अधिक व्यावसायिक दिसतो म्हणून तो घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बंद कपातही फट राहतेच: चष्म्याच्या काड्या गादीखाली जातात, केस मध्ये येतात, दोन-तीन उन्हाळे सोसलेल्या गादीचे रेक्झीन फाटून फोम दबतो. नव्या गाद्यांची जोडी बसवली तर जुना हेडसेट बराच सुधारतो. एक कान मोकळा ठेवून खेळायची सवय असणाऱ्यांचा तर तो मोकळा कप सरळ माइककडे तोंड करून वाजत असतो. एक कान मोकळा हवाच असेल तर तो कप डोक्याला टेकवून ठेवावा किंवा त्या बाजूचा आवाज बंद करावा.

दुसरे कारण आवाजाची पातळी. गेममधली पावले ऐकू यावीत म्हणून आवाज चढवला जातो आणि मग स्फोट झाला की सगळे घर ऐकते. आवाज दहा डेसिबल उतरवला की गळतीही बरोबर दहा डेसिबल उतरते. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणत्याही उपायात नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकेच तास ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते, तेव्हा आवाज उतरवण्यात कानांचाही फायदा आहे.

तिसरे कारण अंतर, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. माइक तोंडापासून ४० सेंटिमीटरवर टेबलावर ठेवला तर कानावरचे कपही त्याच्यापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर असतात. माइकच्या दृष्टीने तोंड आणि कप जवळजवळ सारखेच लांब. आवाज पुरत नाही म्हणून मग माइकची पातळी वाढवली जाते, आणि तोंडाबरोबर कपही मोठे ऐकू येऊ लागतात. तोच माइक तोंडापासून ५ सेंटिमीटरवर आणला तर बोलणे सुमारे १८ डेसिबलने वाढते. कप आता १५ सेंटिमीटरवर आले, त्यांची गळती साडेनऊ डेसिबलने वाढते. म्हणजे पैसा खर्च न करता बोलण्याच्या बाजूने आठ-नऊ डेसिबलचा नफा होतो. अट एवढीच, की जवळ आणल्यावर माइकची पातळी तितकीच खाली उतरवायची. ती उतरवली नाही तर बोलण्याबरोबर गळतीही चढलेलीच राहते. विंडोजमधला मायक्रोफोन बूस्ट शून्यावर आणावा, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. ही सोय खेळणारा गप्प बसला की माइक चढवते आणि नेमक्या त्याच वेळी हेडफोनची चिकचिक शोधून काढते.

माइकच्या दिशेबद्दलही एक गैरसमज पसरलेला आहे. हृदयाच्या आकाराच्या ग्रहणक्षेत्राचा, म्हणजे कार्डिऑइड माइक समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे टाळतो. म्हणून तो हेडफोनही टाळेल असे मानले जाते. पण हेडफोन माइकच्या पाठीमागे नसतो, तो तोंडाच्याच बाजूला, समोर असतो. कार्डिऑइड माइक पंखा, कीबोर्ड किंवा खिडकीबाहेरचा रस्ता टाळायला उपयोगी पडतो. हेडफोनच्या गळतीवर त्याचा परिणाम थोडाच. डायनॅमिक माइक कमी ऐकतो आणि कंडेन्सर माइक जास्त ऐकतो, हेही अर्धसत्य. दोन्ही सारख्याच अंतरावर ठेवून बोलण्याची पातळी सारखी केली तर गळतीत फारसा फरक उरत नाही. डायनॅमिक माइकची ख्याती आहे ती तो ओठांशी धरून वापरतात म्हणून.

तारेची वाट कमी जणांना माहीत असते, पण साध्या इअरफोनवर फोन किंवा लॅपटॉपमधून रेकॉर्ड करणाऱ्यांना तिचा त्रास जास्त. माइक असलेल्या इअरफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन काळी वर्तुळे दिसतात. ती पिनचे चार भाग पाडतात: डावा कान, उजवा कान, माइक आणि अर्थ. माइकची वीज आणि दोन्ही कानांची वीज परत जाते ती या एकाच अर्थच्या तारेने. देवासच्या इतिहासाशी याचे चांगले साम्य आहे. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने एकच गाव वाटून घेतले होते. संस्थाने दोन, दरबार दोन, पण मधला रस्ता सामायिक. एकाची मिरवणूक निघाली की दुसऱ्याला ती ऐकू येणारच. धारच्या पवारांचे संस्थान एकसंध होते, तिथे हा प्रश्न नव्हता.

सामायिक तारेतून किती गळते याचा अंदाज बांधता येतो. ३२ ओमच्या हेडफोनला एक मिलिवॉट शक्ती मिळाली तर त्यातून साधारण साडेपाच मिलिअँपिअर वीज वाहते. अर्थच्या तारेचा आणि पिनच्या सांध्याचा मिळून रोध अर्धा ओम धरला तर तेवढ्या भागावर जवळपास तीन मिलिव्होल्ट दाब तयार होतो. बोलण्याने माइकात निर्माण होणारा दाबही काही मिलिव्होल्टच असतो. म्हणजे वाईट परिस्थितीत गेमचा आवाज बोलण्याच्या तोडीस तोड जाऊ शकतो. स्वस्त एक्स्टेंशन वायर, एकाला दोन पिना जोडणारा वाय स्प्लिटर, कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जाणारी लांब तार, घामाने गंजलेली पिन, या सगळ्यांनी हा अर्धा ओम वाढतच जातो.

उपाय म्हणजे रस्ता वेगळा करणे. माइकसाठी वेगळी पिन असलेला हेडसेट, यूएसबी हेडसेट, किंवा अंगठ्याएवढे यूएसबी साउंड कार्ड, यांपैकी काहीही चालते. इंदूरच्या जेल रोडवरच्या मोबाइल बाजारात साधे यूएसबी साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळते. माइक त्यात आणि हेडफोन संगणकात लावला की दोघांची अर्थची तार वेगळी झाली. पिनांच्या जोडणीच्या दोन पद्धती आहेत, हेही दुकानात लक्षात ठेवावे. आजच्या बहुतेक फोनांत सीटीआयए पद्धत असते, काही जुन्या उपकरणांत ओएमटीपी. या दोन्हींत माइक आणि अर्थ यांच्या जागा उलट असतात. चुकीची जोडी जमली की आवाज दबका येतो आणि इअरफोनवरचे बटण दाबून धरले की एकदम सुधारतो. ही खूण पटली की सुधारणारा छोटा अ‍ॅडॉप्टर घ्यावा, इअरफोन टाकून देऊ नये.

हेडसेटच्या दांडीवरचा माइक असेल तर कपाची थरथर प्लॅस्टिकच्या चौकटीतूनही माइकपर्यंत जाते. ही वाट हवेची म्हणता येत नाही आणि तारेचीही नाही. दांडी सैल असेल तर ती आणखी वाढते. स्वस्त हेडसेटमध्ये यावर आवाज उतरवण्याखेरीज इलाज नाही.

संगणकाच्या पोटातली वाट बंद करायला काहीच खर्च नाही, शोधावी मात्र लागते. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत स्टिरिओ मिक्स नावाचे एक उपकरण दिसते. प्रत्यक्षात ते उपकरण नसून संगणकातून वाजणारे सगळे काही माइक असल्याच्या थाटात पुढे पाठवणारी सोय आहे. गेमच्या किंवा गप्पांच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून तेच निवडलेले राहिले तर मित्रांना त्यांचेच बोलणे ऐकू येते. माइकच्या गुणधर्मांतला लिसन टू धिस डिव्हाइस या पर्यायावर टिक केलेली असेल तर बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये जातो आणि डेस्कटॉपच्या आवाजाबरोबर पुन्हा रेकॉर्डिंगमध्ये येतो. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकला मॉनिटर अँड आउटपुट दिले तरी तेच होते. गेमचा आवाज डेस्कटॉप ऑडिओतून एकदा आणि गेमच्या वेगळ्या कॅप्चरमधून दुसऱ्यांदा घेतला जात असेल, तर माइक निर्दोष असूनही गोळ्या दोनदा सुटतात.

मित्रांच्या तक्रारीबाबत एक खूण उपयोगी आहे. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, दोष समोरच्याच्या हेडफोनचा किंवा माइकचा असतो. तरीही सगळे त्यालाच सेटिंग बदलायला सांगतात: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गटातल्या एकेकाने माइक बंद करत जावे. ज्याचा माइक बंद झाल्यावर प्रतिध्वनी थांबतो, त्याच्या घरी गळती आहे.

धार-देवाससारख्या गावांत खेळ मुख्यतः फोनवरच चालतो, आणि फोनची कथा थोडी वेगळी आहे. अँड्रॉइड १० येण्याआधी, म्हणजे २०१९ पर्यंत, सामान्य स्क्रीन रेकॉर्डरला गेमचा आवाज आतून घेताच येत नसे. त्यामुळे स्पीकर मोठा करून तो माइकने टिपायचा हाच रिवाज होता. तिथे गळती हा दोष नव्हता, ती पद्धतच होती. अँड्रॉइड १० ने आतला आवाज घेण्याची परवानगी दिली आणि अँड्रॉइड ११ मध्ये स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच आला. त्यात फोनचा आवाज, माइक किंवा दोन्ही असे निवडता येते. दोन्ही निवडून स्पीकर चालू ठेवला तर आवाज दुहेरी होतो, इअरफोन लावला की थांबतो. अडचण राहते ती सांघिक खेळांत. गेममधला बोलण्याचा माइक चालू असताना फोन बऱ्याचदा रेकॉर्डरला माइक देत नाही आणि खेळणाऱ्याचा आवाज रेकॉर्डच होत नाही. कंटाळून स्पीकरकडे परतण्यापेक्षा आपले बोलणे दुसऱ्या फोनवर वेगळे रेकॉर्ड करून नंतर जुळवणे चांगले. सुरुवातीला एक टाळी वाजवली की जुळवायला खूण मिळते.

तिन्ही वाटा बुजवून जे उरते त्यासाठी सॉफ्टवेअर. त्यातले सर्वांत बुद्धिमान साधन म्हणजे प्रतिध्वनी-निवारण, आणि त्याच्या जन्माशी एका भारतीय अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. उपग्रहावरून जाणाऱ्या टेलिफोन संभाषणात प्रतिध्वनी परत यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे आणि बोलणे अशक्य होई. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये स्वतःला जुळवून घेणारा प्रतिध्वनी-निवारक मांडला. कल्पना अशी: स्पीकरकडे काय पाठवले हे यंत्राला माहीतच असते. ते माइकपर्यंत कोणत्या रूपात परत येते याचा अंदाज यंत्र सतत सुधारत राहते आणि तेवढे वजा करते. गप्पांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये आज हेच तत्त्व आहे. दोघे एकाच वेळी बोलले की मात्र त्याची तारांबळ उडते आणि शब्द तुटतात. गप्पांना हे चालते, जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगला खटकते.

ओबीएसमधला नॉइज गेट अधिक साधा. तो वाड्याच्या दिंडीसारखा आहे: ठराविक पातळीच्या वर आवाज आला की उघडतो, खाली गेला की बंद होतो. त्याची मूळची मांडणी उणे २६ डेसिबलला उघडायचे आणि उणे ३२ ला मिटायचे अशी असते. गप्प बसून गेमचा सर्वांत मोठा स्फोट होऊ द्यावा, माइकचा मीटर कुठवर जातो ते पाहावे आणि उघडण्याची पातळी त्याच्या थोडी वर ठेवावी. पण दिंडी उघडली की माणसाबरोबर कुत्रेही आत येते. बोलणे चालू असताना गळतीही आत येणारच, गेट फक्त मधल्या शांततेत उपयोगी. आवाज ओळखून गाळणारे आरएनएनॉइजसारखे फिल्टर पंख्याची घरघर छान काढतात. माळव्यातल्या मे महिन्यात पंखा बंद करण्याचा सल्ला कोणी मानणार नाही, तेव्हा त्यांचे महत्त्व आहेच. परंतु हे फिल्टर माणसाचे बोलणे राखायला शिकवलेले असतात, आणि हेडफोनमधून गळणारा मित्राचा आवाज हे माणसाचेच बोलणे असते. ते त्याला इमानदारीने राखून ठेवतात.

रेकॉर्डिंग करतानाच आवाज वेगळे ठेवणे हा शेवटचा बंदोबस्त. ओबीएस सहा ध्वनिट्रॅक देते. एकावर गेम, दुसऱ्यावर माइक आणि तिसऱ्यावर मित्रांचे बोलणे ठेवले, तर खेळणारा गप्प असलेला भाग माइकच्या ट्रॅकवरून सरळ कापून टाकता येतो. सगळे एकाच ट्रॅकवर गेल्यावर ही सोय संपते. मिसळलेले आवाज विलग करणारी नवी सॉफ्टवेअरे आता मिळतात, पण त्यांतून निघालेल्या बोलण्याच्या कडा खरवडल्यासारख्या राहतात, आणि गोळीबाराखाली पुरते दबलेले शब्द त्यांनाही परत आणता येत नाहीत.